काजव्यांच्या फोटोखाली फ्रेमची संख्या छापा

संपादक महोदय,

मे सरत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इकडच्या काजव्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. काढणारे दरवर्षी निराळे, फोटो मात्र तोच. मधोमध एक झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचा सडा, मागे निळे आकाश आणि कडेला एक पाठमोरा माणूस. समाजमाध्यमांच्या लाटेत छायाचित्रण सवंग झाले का, अशी चर्चा वरचेवर होते. माझे म्हणणे या एकाच फोटोवरून मांडतो.

हा फोटो एका क्लिकचा नसतो. दिवेलागणीला, आकाशात निळा उजेड असतानाच ट्रायपॉड (कॅमेऱ्याची तिपाई) रोवून झाडाची एक फ्रेम, म्हणजे एका क्लिकचे चित्र, घेतात. बुंध्यावर हाताने फोकस करून फोकस रिंगवर चिकटपट्टी लावतात, कारण अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. मग अॅपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र) एफ 2.8, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 1600 ते 3200 आणि प्रत्येकी 30 सेकंदांच्या 60 किंवा त्याहून जास्त फ्रेम, ट्रायपॉड तसूभरही न हलवता. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळेच्या फोटोतले दाणे पुसणारी कॅमेऱ्यातली सोय) बंद ठेवावे लागते. ते चालू राहिले तर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ अंधाराची फ्रेम घेत बसतो आणि निम्मे काजवे हुकतात. शेवटी संगणकावर सगळ्या फ्रेम एकावर एक ठेवून ‘लाइटन’ मोडमध्ये जोडल्या की प्रत्येक जागी सर्वांत उजळ बिंदू तेवढा उरतो. म्हणजे 60 फ्रेमच्या फोटोत अर्ध्या तासाचा उजेड एकदम दिसतो. झाडाखाली उभ्या माणसाला असे दृश्य कधीच दिसत नाही.

यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. ऑस्कर रेजलँडर या छायाचित्रकाराने 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र केले होते, तेव्हा जोडकाम या कलेइतकेच जुने आहे. प्रश्न असा, की सगळ्यांना हेच एक चित्र का करावेसे वाटते?

माझ्या मते त्याचे एक कारण पडद्याच्या मापात आहे. 24 मेगापिक्सेलचा उभा फोटो 4000 पिक्सेल (चित्र ज्यांचे बनते ते ठिपके) रुंद असतो. इन्स्टाग्रामवर चढवला की तो साधारण 1080 वर येतो, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. गवतावरून उडालेल्या एकट्या काजव्याची तीन पिक्सेल जाड रेघ तिथे एका पिक्सेलहूनही बारीक होते. त्यात फाइल दाबताना अंधारातल्या बारीक छटा सपाट होतात आणि काळ्या जागी चौकटी-चौकटी दिसू लागतात. टिकतो तो ठिपक्यांचा दाट सडा. अंगठ्याएवढ्या चित्रातही तो डोळ्यात भरतो, त्याला पसंती मिळते, आणि पुढच्या जूनमध्ये शंभर जण तेच झाड शोधत येतात. शांत चित्र वाईट म्हणून मागे पडत नाही, ते त्या पडद्यावर नीट दिसतच नाही.

हरवते ती काजव्यांची लय. फांदीवरचे काजवे उघडझाप करतात, मध्ये क्षणभर मिट्ट काळोख होतो, पुन्हा उजेड. साठ फ्रेम जोडल्या की तो काळोखच पुसला जातो. याउलट 8-10 सेकंदांची एकच फ्रेम घेतली, तर उडत्या काजव्याची तुटक रेघ मिळते. रेघेतले अंतर म्हणजे त्याचे मिटणे. कुठे वळला, कुठे गवताजवळ रेंगाळला, सगळे तिच्यात वाचता येते. किती सेकंद ठेवायचे, गवताच्या उंचीवर बसायचे की उभे राहायचे, किती काळोख राखायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. फोटो आपला होतो तो या निवडीमुळे. मोबाइलवाल्यांनीही निराश होऊ नये. हातात धरून नाइट मोड लावला तर फोन अनेक फ्रेमची सरासरी काढतो, आणि एकाच फ्रेममधला काजवा त्यात विरून जातो. फोन ट्रायपॉडवर लावावा, प्रो मोडमध्ये (सगळे हाताने ठरवायच्या मोडमध्ये) शटर उघडे राहण्याचा वेळ 8 सेकंदांवर ठेवावा आणि टायमरने क्लिक करावे.

तेच ते चित्र मिळवायच्या धडपडीत जंगलाचे नुकसान होते, ते वेगळेच. काजव्याचा उजेड ही जोडीदाराला घातलेली साद आहे. गाडीचे दिवे, फ्लॅश, मोबाइलची बॅटरी यांच्या झगमगाटात ती साद पोहोचत नाही. माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, आणि चांगल्या कोनासाठी झाडाभोवती फिरणाऱ्यांच्या पायाखाली त्याच येतात. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा दिवा मेनूत जाऊन बंद करावा, मागचा स्क्रीन मिटावा, कार्डाच्या लुकलुकत्या दिव्यावर काळी पट्टी लावावी. वाट दिसण्यापुरती बॅटरी हवीच असेल तर तिच्यावर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावून झोत जमिनीकडे धरावा. यात छायाचित्रकाराचाही फायदा आहे. एका फ्रेममध्ये कोणी बॅटरी मारली, तर ‘लाइटन’ मोड तो झोत पुऱ्या चित्रात राखतो आणि ती फ्रेम फेकून द्यावी लागते.

वर्तमानपत्रेही जूनमध्ये हेच फोटो मोठ्या आकारात छापतात आणि खाली फक्त ‘काजव्यांनी उजळलेले झाड’ असे लिहितात. ते पाहून आलेला पर्यटक झाडापुढे उभा राहतो, ‘एवढेच?’ म्हणतो आणि बॅटरी लावून शोधू लागतो. म्हणून विनंती अशी : यंदापासून अशा फोटोखाली ‘60 फ्रेम, प्रत्येकी 30 सेकंद, एकत्र जोडलेले’ एवढी ओळ छापावी, झाडाचे नेमके ठिकाण छापू नये, आणि शेजारी एक फोटो एकाच फ्रेमचा, काळोखासकट द्यावा. छापील पानावर ती बारीक रेघ दिसू शकते.

आपला,
एक निसर्ग छायाचित्रकार, अकोले