बुशहरचे पेली, बडोद्याचे पेली

मा. संपादक महोदय, स. न.

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या १८७५ मधील पदच्युतीवर लिहिताना सर लुईस पेली यांची ओळख 'बडोद्याचे रेसिडेंट (इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) फेअर यांच्या जागी आलेले अधिकारी' एवढ्यावरच आटोपते, हे खटकते. १८६२ ते १८७२ हे गृहस्थ इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथे रेसिडेंट होते आणि तेथील हालहवाल मुंबई सरकारला कळवीत असत. शिराझसारख्या ठिकाणची बातमी बहुधा स्थानिक वार्ताहराकडून येई. आपल्या दरबारी अखबारनवीसाचाच तो भाऊबंद म्हणायचा, मात्र खलित्याखाली सही साहेबाची! अशा लेखनात कारभाऱ्यांच्या उणिवा ठळक आणि त्यांच्या अडचणी पुसट उतरतात, असे माझे मत आहे. हाच सराव घेऊन पेली १८७४ च्या अखेरीस बडोद्यात उतरले.

— एक वाचक, रावपुरा, बडोदे