कुत्र्याची जात विचारता, मालकाला कोण विचारणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या विधानसभेत २०२५ मध्ये पिटबुल, रॉटवायलरसारख्या जातींवर बंदी आणणारं विधेयक पास झालं, तेव्हापासून आमच्याकडे शिरोडा-आरोंदा भागात पण तीच चर्चा चालूय. होणारच, आरोंद्याचा पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवाच. आता आपल्याकडे पण अशीच बंदी पाहिजे असं बरेच जण म्हणतात. मला यावर लिहायचंय कारण माझ्या पडवीत तसलाच एक कुत्रा झोपलेला असतो, आणि तो मी हौसेने आणलेला नाही.

आमच्या शेजारच्या काजूच्या बागेत मुंबईच्या एका माणसाचं फार्महाऊस आहे. राखणीला म्हणून त्याने पिटबुलचं पिल्लू आणलं, पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलं आणि राखणदाराला सांगून गेला की भात घालत जा. मालक वर्षातून दोनदा येणार, एकदा मे महिन्यात आणि एकदा चतुर्थीला. बाकी दहा-अकरा महिने तो कुत्रा त्याच चार हात जागेत, पावसाळ्यात चिखलात, कानात गोचिड्या भरलेल्या, आणि येणारी-जाणारी पोरं गंमत म्हणून दगड मारायची. तो भुंकायचा, साखळी ताणून अंगावर यायचा, मग लोक म्हणायचे बघा, ह्यो कुत्रो माणसाक फाडता, टीव्हीवर दाखयलेला. मी पण त्यातलीच होते, त्या बाजूने जाताना हातात काठी असायची.

मग मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं ते पत्र आलं. २३ जातींची आयात, पैदास, विक्री बंद करा, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्या, असं राज्यांना सांगितलेलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, कुणाशी चर्चा न करता काढलं म्हणून, आणि दिल्ली हायकोर्टात पण ते टिकलं नाही. पण तेवढ्यात घाबरलेल्या मालकाचा राखणदाराला फोन आला, सोड त्याला कुठेतरी लांब नेऊन. राखणदाराला काही ते जमेना, तो बिचारा रात्री कुत्र्याला घेऊन आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि कुत्रा आमच्याकडेच राहिला.

माझी भीती हीच आहे. बंदी आली की कुत्रा गायब होत नाही, तो रस्त्यावर येतो, पुलाच्या या बाजूला आणून सोडला जातो, आणि सोडणाऱ्याचं नाव कुणाला कळत पण नाही.

मी पिटबुलची वकिली करत नाहीये हे नीट लक्षात घ्या. २०२४ मध्ये गोव्यात हणजुण्याला पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या आजी घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. त्या घरातल्या माणसांसमोर उभं राहून कुत्रा चांगला असतो हो, असं बोलायची माझी हिंमत नाही आणि कुणी बोलू पण नये. जबडा लॉक होतो वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते खोटं आहे, पण हा कुत्रा पकडला की सोडत नाही, झटके देतो, अंगात ताकद प्रचंड, त्यामुळे गावठी कुत्रा चावला तर जेवढी जखम होईल त्याच्या कितीतरी पट इथे होते. म्हणून अशा कुत्र्याच्या मालकाला जास्त कडक नियम पाहिजेत हे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण नुसत्या जातीवरून स्वभाव ठरवायचा म्हटलं तर ते पण खरं नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त पाळीव कुत्र्यांच्या माहितीवरचा अभ्यास आला होता, त्यात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला फक्त ९ टक्क्यांच्या आसपास जातीमुळे निघाला. आणि जात ओळखणार कोण? आमच्याकडे पट्टेरी रंगाचा, रुंद डोक्याचा गावठी कुत्रा दिसला की त्याला वाघ्या म्हणतात, उद्या त्यालाच कुणीतरी पिटबुल मिक्स म्हणून पकडून देईल. इंग्लंडमध्ये १९९१ पासून पिटबुलवर बंदी आहे, मग लोकांनी एक्सएल बुली, म्हणजे त्याच वळणाचा आणखी मोठा कुत्रा, पाळायला सुरुवात केली, शेवटी २०२३-२४ मध्ये त्याच्यावर पण बंदी घालावी लागली. इटलीने तर अशी यादी करून बघितली आणि २००९ मध्ये सोडून दिली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. जनावर निष्काळजीपणे ठेवून माणसाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, नोंदणी पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण इन्स्टाग्रामवर बघा, कान कापलेली पिल्लं उघड विकली जातात, घरपोच देतो म्हणतात. कुत्रा भयंकर दिसावा म्हणून त्याचे कान कापायचे आणि मग तो भयंकर आहे म्हणून ओरडायचं, याचा मला खरंच राग येतो.

तो कुत्रा, आमचा बंड्या, आता बरा आहे. गोचिड तापाने मरायला टेकलेला, डॉक्टरांनी वाचवला, नसबंदी झाली, रेबीजची लस दरवर्षी. पहिले पाच महिने मी त्याला लांबूनच भात-बांगडा सरकवायचे, सहाव्या महिन्यात तो स्वतः जवळ येऊन पायाशी बसला. तरी बाहेर नेताना तोंडाला जाळी असते, लहान मुलांबरोबर एकटा कधीच ठेवत नाही, आणि चतुर्थीत फटाके, भजनाची माणसं, चाकरमान्यांची वर्दळ म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवते. माझा छोटा होमस्टे आहे, फोनवर आधीच सांगते की घरात पिटबुल आहे, काही लोक लगेच बुकिंग कॅन्सल करतात. करू देत, लपवून ठेवणं मला पटत नाही.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेला एवढंच सांगणं आहे की गुरांना लाळ-खुरकतीची लस द्यायला माणसं गावोगाव येतातच, त्याच फेरीत कुत्र्यांना पण रेबीजची लस द्या, आणि ग्रामपंचायतीत कुत्र्याची नोंद मालकाच्या नावाने आणि मुंबईच्या पत्त्यासकट करा, राखणदाराच्या नावाने नको. पावसाळ्याआधी झालं तर फार बरं, कारण जून लागला की फार्महाऊसं बंद होतात आणि साखळीला बांधलेली कुत्री मागे राहतात.

आपली,
एक वाचक, शिरोडा परिसर, ता. वेंगुर्ला