ती सीडी अजून आहे का, बापू?

अमळनेर,
आखाजीनंतरचा (अक्षय्य तृतीयेनंतरचा) पाचवा दिवस

प्रिय बापू,

दीड वर्षात तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. दिवाळीला तुझा फोन आला तोही उचलला नाही, नंतर करतो म्हणालो आणि केला नाही. चूक माझी आहे, माफ कर. तब्येत बरी आहे. शुगर गोळीवर आहे, डावा गुडघा जिना चढताना बोलतो. घरी सगळे ठीक. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणारं नाही.

आखाजीच्या सकाळी मायची घागर भरली. वर खरबूज, सांजोरी, दोन आंबे, सगळं तिच्या पद्धतीने. जिजी पोरींना घेऊन आली होती. जेवणं झाली, उन्हाने ओटा तापला म्हणून सगळे आत पडलो, तेव्हा धाकटी म्हणाली, "मामा, आजीचं झोक्यावरचं गाणं लाव ना." मी मोठ्या उत्साहाने जुना कॉम्प्युटर चालू केला. तोच, २०१० साली जळगावहून एसटीत आणला होता आपण; मॉनिटर तुझ्या मांडीवर, सीपीयू माझ्या, आणि एरंडोलपर्यंत तू कंडक्टरशी भांडत होतास की मांडीवरच्या सामानाचं तिकीट लागत नाही.

विंडोज यायलाच दहा मिनिटं गेली. फोल्डर उघडला, फाइलवर क्लिक केलं आणि आतून आवाज आला: खर्र... टक्. थोडं थांबून पुन्हा खर्र... टक्. स्क्रीन जागच्या जागी थिजली. गाणं लागलं नाही. पोरींना वाटलं लाइट कमी-जास्त होतेय. जिजीने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसरीकडे ठेवलं आहेस ना?"

बापू, दुसरीकडे नव्हतं.

सोळा वर्षांत तू किती वेळा म्हणालास, एक कॉपी दे, एक कॉपी दे. आणि मी काय केलं होतं तुला आठवतंय. तू मला न विचारता सीडी भरून तुझ्या मावश्यांना वाटल्यास म्हणून भर ओट्यावर ओरडलो होतो, "माझ्या मायचा आवाज म्हणजे यात्रेतली रेवडी आहे का?" त्या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत आपण बोललो नाही. मायच शेवटी म्हणाली होती, मन्हा दोन आंडोर, माझी दोन पोरं, आणि दोघं तोंड फिरवून बसले. त्या भांडणात तू बरोबर होतास. हे मी आज लिहून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून एका दुकानात गेलो. त्याने नीट पाहिलंही नाही. म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो, मशीन पळेल." मला मशीन पळवायची नव्हती. मी डिस्क पिशवीत घातली आणि निघालो. मग भाच्याला फोन केला, जिजीच्या मोठ्याला. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आहे त्याचं, तुझ्या मांडीवर मुतला होता तोच. तो म्हणाला, "मामा, आता ती चालू करू नका. अजिबात नाही. डिस्क तपासून दुरुस्त करणारी ती विंडोजची चेकडिस्क चालवायची नाही, कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं नाही. मी येतो." संध्याकाळच्या गाडीने आला.

त्याने समजावलं ते तुलाही सांगतो, तुझ्या घरीही तसलाच एक जुना डबा असेल. आत काचेसारखी गुळगुळीत तबकडी असते, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावरून वाचणारं हेड तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. आपल्या डोक्याचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. तिथला एखादा तुकडा, म्हणजे सेक्टर, वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही. पुन्हा पुन्हा तिथेच जाते. ते खर्र-टक् म्हणजे तिची ती धडपड होती. अशा डिस्कला चेकडिस्क लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला शेतात पाळी घालायला लावणं. कुणीतरी भाच्याच्या मोबाइलवर सुचवलं की प्लॅस्टिकमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. तो म्हणाला, बाहेर काढताच आत दव धरेल आणि उरलंसुरलंही जाईल. मी डिस्क उशीजवळ घेऊन झोपलो, कुणी रात्री उठून प्रयोग करू नये म्हणून.

मग तो म्हणाला, आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल, मग जे काय शोधायचं ते नकलेत. जुनीला हात लावायचा तो एकदाच. ५०० जीबीची जुनी, म्हणून धुळ्याहून १ टीबीची नवी मागवली; नवी ही जुनीइतकी किंवा मोठीच लागते. पेनड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू केलं, जुनी डिस्क थेट मदरबोर्डच्या केबलला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. त्याआधी त्याने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. दोन्ही डिस्कांवर पांढरी पट्टी चिकटवली, एकीवर 'जुनी' लिहिलं, दुसरीवर 'नवी', आणि स्क्रीनवरचे नंबर मला मोठ्याने तीनदा वाचायला लावले. दोन नावांची जागा उलटी पडली असती तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा मायच्या आवाजावर लिहिला गेला असता. एंटर दाबताना त्याचं बोट थांबलं. म्हणाला, "मामा, तुम्ही दाबा." मी दाबलं.

हा प्रोग्राम शहाण्या शेतकऱ्यासारखा आहे, बापू. जिथे जमीन कठीण लागते तिथे नांगर अडकवून बसत नाही. आधी सोपं सोपं सगळं उचलतो, अडलेली जागा वहीत लिहून ठेवतो, त्या वहीला मॅप फाइल म्हणतात, आणि मग मागाहून त्या जागांकडे कडेकडेने वळतो. मधेच लाइट गेली तरी वही आहे, तिथूनच पुढे. आणि लाइट गेलीच, पहिल्या रात्री दीड वाजता, इन्व्हर्टरने तारलं. दिवसा चालवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण या दिवसांत आपल्याकडे भिंतीसुद्धा हाताला चटका देतात. रात्री अकरानंतर, खिडक्या उघड्या, टेबलफॅन थेट डिस्कवर. मी खुर्चीत, भाचा जमिनीवर चटईवर. टक् आवाज सलग व्हायला लागला तर लगेच बंद करायचं आणि पुण्याच्या लॅबला न्यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मी तीन रात्री तो आवाज मोजत बसलो. मायच्या शेवटच्या आजारात तिचा श्वास मोजायचो, तसा. त्या रात्रींना तू सोबत होतास.

५०० जीबी म्हणजे सुमारे ९७ कोटी ६७ लाख सेक्टर, एकेक ५१२ बाइटचा. पहिल्या रात्री बहुतेक सगळे आले. मी टाळी वाजवली, भाचा म्हणाला थांबा, आपलं फोल्डर कुठे सापडतं ते बघू.

मायच्या गाण्यांच्या आपल्या नऊ फाइली. सात धडधाकट! मी एक लावली आणि पहिला आवाज कुणाचा आला असेल? तुझा. "माय, जरा जोरमा म्हण." मग दोरीची करकर, मग तुझी शिंक, मग तिचं हसणं. भाचा बाहेर निघून गेला, मला एकट्याला ऐकू दिलं. ते हसणं मी विसरलो होतो बापू. गाणं आठवत होतं, हसणं विसरलो होतो.

आठवी फाइल उघडतच नव्हती. तिच्या सुरुवातीचा तुकडा गेला होता. त्यातच लिहिलेलं असतं की हा आवाज कसला, किती वेगाचा. भाच्याने ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये कच्ची फाइल म्हणून ओढली, १६ बिट, ४४१००, स्टीरिओ असं स्वतः भरलं, आणि गौराईचं गाणं अख्खं बोललं.

नववी झोक्याची. तीच जी पोरींनी मागितली होती. ती मधेच मुकी होते.

हिशोब सांगतो. आपल्या रेकॉर्डरच्या फाइलीत एक मिनिट गाणं म्हणजे साधारण १० एमबी. एक सेक्टर म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम तीन भाग. एक गेला तर कानाला कळणारही नाही. पण इथे सलग पट्टा गेलाय. पहिल्या रात्री दोन मिनिटं गायब होती. दुसऱ्या रात्री प्रोग्रामला उलट्या दिशेने चालवलं, तिसऱ्या रात्री पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावलं, आणि थेंब थेंब करत बरंच परत आलं. उरलेत ४० सेकंद. पावणेचौदा हजार सेक्टर. तिथे खरखरही नाही, नुसती शांतता, आणि मग एकदम शेवटची ओळ.

तुला माहीत आहे त्या ४० सेकंदांत काय आहे. भावांची नावं घेते तिथलं. मूळ गाण्यात मुऱ्हाळी, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ असतो, तिने तिथे माझं नाव घातलं, आणि पुढच्या कडव्यात तुझं. तू लाजून दोरी सोडलीस आणि झोका वाकडा गेला. मग थांबून तिने विचारलं होतं, "तुन्हा डब्बामा मन्हा आवाज राही का रे भाऊ?" मी म्हणालो होतो, राहील.

जुनी डिस्क आता बंद करून कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. आणखी फिरवायची नाही. म्हणून तुला विचारतो: त्या सीड्यांतली एखादी अजून आहे का? तू पाच भरल्या होत्यास. मावश्यांकडे, माळ्यावर, सुरतच्या त्या पहिल्या खोलीतल्या ट्रंकेत, कुठेही. सापडली तर लगेच लावून बघू नकोस, मुलांनाही लावू देऊ नकोस. उन्हात ठेवू नकोस. धूळ असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुस, गोल गोल नाही. ओरखडा दिसला तरी घाबरू नकोस, भाचा म्हणतो सीडीही सावकाश वाचून नक्कल करता येते. आणि पोस्टाने पाठवू नकोस.

तुझं विचारायचं राहिलंच. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? लेकीचा बारावीचा निकाल कधी? नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली म्हणे, मला बोलावलं होतंस हे जिजीकडून कळलं. भेटल्यावर हवं ते बोल. कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची झाली तर मीच भाजणार, तुझ्या हातची मागच्या वेळची अजून राखेत शोधतोय.

बोरी नदीच्या पात्रात यात्रेची दुकानं लागली आहेत. एकादशीचा रथ झाला की द्वादशीच्या सकाळी भुसावळहून येणाऱ्या गाडीने निघतो. सोबत दोन पेनड्राइव्ह आणतोय, नऊही फाइली भरून. एक कॉपी इथे नव्या डिस्कवर, एक जिजीकडे, आणि एक तुझ्याकडे सुरतला, गावाबाहेर एक हवीच. या वेळी मावश्यांना वाटायच्या असतील तितक्या वाट. सीडी सापडली नाही तरी मी येतोय. तुलाही ते कडवं आठवत असेल. दोघं बसून शब्द तरी लिहून काढू, तिने तुझं नाव कुठल्या ओळीत घेतलं होतं ते मला नक्की आठवत नाही.

तुझा,
भाऊ