‘कितीवर ठेवायची?’ असं विचारणाऱ्या मेडिकलवाल्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

नाव टाकत नाही तुमचं, तुम्हीच म्हणालात का उगाच फोटो-बिटो टाकू नका म्हणून. पण त्या दिवशी तुमच्या फ्रिजात ठेवलेली वाईनची बाटली परत घेताना माझ्या तोंडातून शब्दच निघाला नाही, नुसती मान हलवली अन् गाडीला किक मारून निघून आलो, ते आठ दिवसांपासून डोक्यात फिरून राहिलं आहे. म्हणून हे पत्र.

लोक म्हणतील एका बाटलीसाठी एवढं? हो, बाटलीसाठीच.

तुम्हाला त्या गर्दीत धड सांगता आलं नाही, आता सांगतो. पोरगी माझी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकून इटलीला गेली, दोन वर्षं झाली, तिकडं डोंगरातल्या एका घरगुती द्राक्षमळ्यात कामाला आहे. नवरा-बायको, म्हातारी सासू, दोन पोरं, एवढाच कारभार. साउथ टायरॉल म्हणतात त्या भागाला, आहे इटलीत पण लोक बोलतात जर्मन, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियात होतं अन् १९१९ च्या तहात इटलीकडं गेलं. मळा ९०० मीटरवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून थोडा खालीच, पण हिवाळ्यात बर्फ. वेली मांडवावर चढवलेल्या, जुन्या पद्धतीनं. तिथं तीन जातींची पांढरी द्राक्षं, पिनो बियांको, शार्दने अन् सोव्हिन्यों ब्लां, तिघांचा रस वेगवेगळा आंबवतात अन् मग मिसळतात. एकीचा भरीवपणा, एकीचा आंबटपणा, एकीचा वास. आमच्या बाबांना हे फोनवर सांगितलं तर म्हणे, ‘म्हणजे थालीपिठाची भाजणीच की.’

गेल्या सप्टेंबरातल्या तोडणीला पोरगी होती, रोज सकाळी कात्री घेऊन उतारावर. त्या तोडणीची वाईन यंदा बाटलीत भरली तेव्हा म्हातारीनं एका बाटलीच्या लेबलवर पेनानं हिचं नाव लिहून दिलं, स्पेलिंग चुकवून. ती बाटली आजोबांना पाजायची म्हणून पोरगी मे महिन्यात सुट्टीवर आली. बाहेरून येताना दोन लिटरपर्यंत आणता येते, त्याचा काही लफडा नव्हता.

लफडा पुढं झाला. विमानवाल्यांनी बॅगच मागं ठेवली. चार दिवस फोन केला की एकच, ‘युअर कॉल इज इम्पॉर्टंट’. अरे इम्पॉर्टंट आहे तर उचल नं बाबा! पाचव्या दिवशी नागपूरला बॅग आली, तोवर इकडं आमच्या गावची डीपी जळाली, लाईट नाही की फ्रिज नाही. उन्हाळा ४५ अंशाचा, लाईनवाले म्हणे उद्या, मग परवा, मग साहेब मीटिंगमध्ये. त्यात बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला, पाच दिवसांनी येणार. बाटली त्यांच्या आधी कोणी फोडायची नाही असं घरात ठरलेलं.

पोरगी रडकुंडीला आली. तिचं म्हणणं, ही वाईन थंडीत जन्मलेली आहे, दिवसा ऊन अन् रात्री गारठा म्हणून द्राक्षात आंबटपणा टिकतो, ती आपल्या उन्हात एक दुपार जरी राहिली तरी शिजते, वास उडते, बूचही वर सरकते. नागपूरला आमचे एक नातेवाईक आहेत, घरात दोन फ्रिज, त्यांना फोन केला तर म्हणे आमच्या घरात असल्या वस्तू ठेवत नाही. हे तेच महाशय ज्यांना मागच्या लग्नात मांडवाच्या मागून दोघांनी धरून आणलं होतं. असो. कोल्ड्रिंकवाला म्हणाला बोंब होईल. एकानं तर डोळा मारला, ‘काय भाऊ, इम्पोर्टेड?’ पोरगी बाजूला उभी होती हो.

काटोलमार्गे वरुडला येईपर्यंत बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर. गोणपाट दर अर्ध्या तासानं वाळे, पाणी शिंपडत आलो. तुमच्या दुकानात तर मी बीपीच्या गोळ्या घ्यायला शिरलो होतो, सहज विचारलं. तुमचा इन्व्हर्टर चालू होता, काऊंटरवर सात-आठ माणसं. अन् तुम्ही ना हसलात, ना किंमत विचारली, चष्मा वर केला अन् एवढंच म्हणालात, ‘कितीवर ठेवायची?’

एवढ्या लोकांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पोरगी एकदम बोलायला लागली, दहा-बारा अंश चालते, उभी नको, आडवी. तुम्ही म्हणालात, ‘माझा दोन ते आठवर असते, इन्सुलिनचा आहे. पाच दिवसांनी काही बिघडणार नाही नं?’ जसं काही पेशंटबद्दलच विचारून राहिले.

अन् ती चिठ्ठी! पाच दिवसांनी आलो तर बाटली खालच्या कप्प्यात आडवी, अन् वर औषधाच्या बिलाच्या मागं लिहून रबर लावलेलं: ‘पोरीच्या कष्टाची आहे. हात लावू नये. उभी करू नये.’ ‘उभी करू नये’ खाली दोन रेघा. म्हणजे दुकानातल्या पोरांसाठी लिहिली असणार, पण वाचून माझ्या घशात काहीतरी अडकलं. घरातली माणसं ‘दारू’ म्हणून मोकळी झाली, अन् तुम्ही जिला दहा मिनिटं पाहिलं तिचे कष्ट बरोबर लिहिले. आपल्या तालुक्याच्या गावात अशी माणसं आहेत बाप्पा, डबा पोचवणारा कंडक्टर, उधारीची वही बंद करून टाकणारा किराणावाला, फक्त त्यांचा बोर्ड कुठं लागत नाही.

बाबा आले, डोळ्याला हिरवी पट्टी. आयुष्यात चहाशिवाय नशा नाही त्यांना. पोरगी म्हणे फ्रिजातून काढून वीस मिनिटं ठेवायची, मी म्हटलं हा मे महिना आहे, पाच मिनिटं बस. स्टीलच्या फुलपात्रात दोन घोट दिले. आधी हुंगलं, संत्रं हुंगतात तसं. मग म्हणे, ‘आंबट आहे. पण लबाड आंबट नाही.’ मग पोरीला विचारत बसले रात्री किती थंडी पडते, अन् स्वतःच म्हणाले, आपल्या संत्र्याच्या अंबिया बहाराच्या फळालेही रात्रीचा गारठा लागल्याशिवाय रंग चढत नाही, तिकडंही तेच म्हण. अर्धा तास दोघं शेतीवरच बोलत होते, मी उगाच मधात.

तुमची चिठ्ठी बाबांनी मागून घेतली, चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. डोळ्याची पट्टी निघाल्यावर पहिलं तीच वाचली.

तुमच्यासाठी घोटभर ठेवली होती पण तुम्ही घेत नाही म्हणालात, फ्रिजचं भाडंही घेतलं नाही. ठीक आहे. नोव्हेंबरात आमचा अंबिया निघते, पहिला कॅरेट दुकानावर आणून टाकतो, त्याला नाही म्हणू नका. अन् तो फ्रिजात ठेवू नका, संत्रं आपलं बाहेरच बरं राहते.

तुमचा,
बीपीच्या गोळ्या विसरून गेलेला गिऱ्हाईक