सर्वेक्षणातली बटणे नटवताना

मा. संपादक,

ऑनलाइन सर्वेक्षणाची उत्तर-बटणे सजवताना बरेच जण मूळ रेडिओ बटण (अनेकांतून एकच पर्याय निवडायचे गोल बटण) ‘डिस्प्ले नन’ लिहून गायब करतात आणि जागी रंगीत चौकट ठेवतात. दिसायला झकास, पण टॅब दाबून ते सापडत नाही, स्क्रीन रीडरलाही (अंधांना पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) नाही. नुसता रंग हवा तर सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतली ‘अ‍ॅक्सेंट-कलर’ ही एक ओळ पुरते. आकारच बदलायचा तर ‘ओपॅसिटी’ (अपारदर्शकता) शून्य करून मूळ बटण चौकटीवर पसरावे आणि टॅबने बटणावर फोकस आल्यावर चौकटीला ठळक कड द्यावी. डब्ल्यूसीएजी २.२ या, वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्पर्शक्षेत्र किमान २४ बाय २४ पिक्सेल. मोबाइलवर ४४ बरे. मराठी मजकुरासाठी चौकटीची उंची पक्की बांधू नये, नाहीतर वेलांट्या-मात्रा छाटल्या जातात. आणि ‘होय’ हिरवे, ‘नाही’ लाल? तो तर उत्तर सुचवण्याचाच प्रकार.

– एक वेब डेव्हलपर, पुणे