स्केचपेनने लिहिलेल्या त्या कागदाबद्दल

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठवण्याआधी ज्या अंधाऱ्या खोलीत तपासतात, तिथे तुम्ही होतात. अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. मी तो डीटीपीवाला काका, संगणकावर छपाईची पानं जुळवणारा. डोळ्यांतून धार लागलेली, आणि वर तुमच्याशीच हुज्जत घालत होतो, की एवढं पाणी येतंय तर डोळे कोरडे कसे?

सदाशिव पेठेत २६ वर्षं हेच काम करतोय. पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या दिवसांपासून. दिवाळी अंकांच्या हंगामात बारा-बारा तास स्क्रीनसमोर जातात. यंदा मात्र अनुस्वार दिसेनासे झाले. एका कवींचा 'मंद वारा' माझ्या हातून 'मद वारा' होऊन छपाईला निघाला होता. संध्याकाळ झाली की डोळ्यांत रेती, मग पाणी.

तुमच्याआधी तीन दारं झाली होती. चष्मेवाल्याने निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट काचा गळ्यात मारल्या, फरक शून्य. औषधाच्या दुकानात लाली घालवणारे थेंब मिळाले. दोन दिवस डोळे पांढरेशुभ्र, नंतर पहिल्याहून लाल. आणि एका डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वय झालं, स्क्रीन कमी करा." अहो, कमी करून खाऊ काय?

तुम्ही तुमचा मोबाइल माझ्या हातात दिलात, एक बातमी वाचायला लावलीत आणि गप्प बघत बसलात. मिनिटभराने म्हणालात, "काका, पापणी चारदाच लवली. त्यातही दोनदा अर्धीच." एरवी माणसाची मिनिटाला पंधराएक वेळा लवते म्हणे. पापणी नीट मिटली नाही की अश्रूंवर तेलाचा थर पसरत नाही, ओल उडून जाते, डोळा चुरचुरतो आणि घाबरून बदाबदा पाणी सोडतो. ते पाणी काही टिकत नाही. पिवळा रंग घालून निळ्या दिव्यात पाहिलंत तर १० सेकंद टिकायला हवा तो थर माझ्या डोळ्यात ३ सेकंदांत फाटत होता. माझी हुज्जत तिथेच मिटली.

थेंब, गरम शेक वगैरे डॉक्टरांनी सांगितलंच. पण छापील कागद हातात आला तो आठ पॉइंटात, फिक्या शाईत. मी तो जवळ नेला, लांब नेला. बाहेर रांग होती, कुणीतरी दार ढकलत होतं. तुम्ही कागद माझ्या हातून घेतलात, उलटा केलात आणि मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या स्केचपेनने सगळं पुन्हा लिहून काढलंत. निदान ४८ पॉइंट, ठसठशीत, ओळींमध्ये ऐसपैस जागा. थेंब किती वेळा, शेक कधी, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं. सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून, पापणीचं. मग हात लांब करून विचारलंत, "इथून दिसतंय का, काका?"

दिसत होतं. मला रडू आलं आणि तुम्हाला वाटलं, परत धार लागली.

मॉनिटर कागदाच्या दोन रिमांवर चढवला होता, तो खाली उतरवलाय. वर बघताना डोळा जास्त उघडा राहतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे फिरवलंय. २० फुटांवर समोरच्यांची गॅलरी येते. त्यांच्याकडे चादरी कोणत्या वारी धुतात हे आता मला पाठ झालंय. अंक वेळेत गेला, 'मंद'वरच्या अनुस्वारासकट.

तुमचा कागद मॉनिटरच्या वर चिकटवलाय. 'पापणी पुर्ण मिटा' असं लिहिलंय तुम्ही. 'पूर्ण'चा उकार दीर्घ असतो, ताई. २६ वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आलोय, हाताशी लाल पेन असतं. तो उकार तसाच ठेवलाय.