घसा दुखतोय म्हटलं की लगेच कात्री कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत घसादुखीवर ज्येष्ठमध-लवंगेचा काढा छापून आला होता. छान आहे, आमच्याकडे पण होतो. पण खरं सांगू का, हल्ली घसा धरला की काढा उकळत कोण बसतंय, सगळे चपला घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातात आणि "घशाला काहीतरी द्या" म्हणतात. मी पण त्यातलीच, आणि त्या काउंटरवर काय होतं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी 34 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे घसा म्हणजे माझं जुनंच दुखणं. मागच्या गणपतीत दहा दिवस सोसायटीत आरत्या म्हटल्या, त्यात पावसात भिजणं झालं, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थुंकी पण गिळवेना. नेमका रविवार, आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद. मेडिकलमध्ये गेले तर काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "घसा ना काकू? डोस बांधून देतो." कात्री घेतली, अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्यांच्या पट्टीतल्या तीन कापल्या, दुसऱ्या पट्टीतल्या दोन, अजून एका पट्टीतल्या दोन, एक पिवळी गोळी सुटीच, सगळं कागदी पाकिटात टाकून वर पेनाने रेघा मारल्या. सकाळी एक रेघ, रात्री एक रेघ. एक्सपायरी छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहिला. ताप आहे का, बीपी-शुगर आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, एक शब्द विचारला नाही. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट होतं फोटोसकट, पण फोटोतला माणूस काही मला त्या दुकानात आजवर दिसलेला नाही.

घरी येऊन मी शहाणीने त्या गोळ्या खाल्ल्या. पोट जे बिघडलं ते तीन दिवस, घसा बरा झाला पाचव्या दिवशी. तो तसाही झाला असता, कारण बहुतेक वेळा घसा दुखतो तो व्हायरसमुळे आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही, हे मला नंतर कळलं. आठवड्याभरात आपोआप उतरतं म्हणे.

कळलं ते असं. दिवाळीनंतर परत घसा बसला, तेव्हा मुद्दाम मागच्या गल्लीतल्या जुन्या मेडिकलमध्ये गेले. तिथे काका स्वतः बसतात. त्यांनी आधी प्रश्नच सुरू केले, किती दिवस झाले, ताप किती, सर्दी-खोकला आहे का. मी म्हटलं नाक गळतंय, खोकला पण आहे, तर म्हणाले मग बहुतेक व्हायरलच, उलट खोकला अजिबात नाही, ताप चढलाय, गळ्याला गाठी लागतायत आणि टॉन्सिलवर पांढरं दिसतंय, असं असतं तर मी तुम्हाला डॉक्टरकडेच पाठवलं असतं. तो व्हायरसचा नाही तर बॅक्टेरियाचा घसा असू शकतो, लहान मुलांमध्ये तसाच सोडला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आणि त्याला पेनिसिलिनचा साधारण दहा दिवसांचा पूर्ण कोर्स लागतो, तीन कापलेल्या गोळ्यांनी भागत नाही. मग माझी बीपीची गोळी कुठली ते विचारलं. मी सर्दीची एक गोळी मागितली होती, तिची पट्टी उलटी करून दाखवली, हे बघा यात फिनाईलएफ्रिन आहे, नाक मोकळं करायचं औषध, त्याने बीपी वाढू शकतं, बीपीवाल्यांनी डॉक्टरांना न विचारता नको, आणि पॅरासिटामॉल पण आहे, म्हणजे तुम्ही वरून तापाची गोळी घेतली की डबल झालं. शेवटी नुसत्या पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी दिली, कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा म्हणाले आणि वीस रुपयांत घरी घालवलं. निघताना हेही सांगितलं की लाळ गिळता येईना, तोंड उघडेना, श्वासाला त्रास व्हायला लागला तर रात्र असो का पहाट, सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवायचं.

आता सांगा, त्यांना त्यात मिळालं काय? पाच मिनिटं गेली आणि वीस रुपयांचं बिल. कात्रीवाल्या मुलाने माझ्याकडून दीडशेच्या वर घेतले होते. पण आमच्या ह्यांचा दोन महिने चाललेला कोरडा खोकला, घशातली खवखव, ती पण काकांनीच पकडली. रामिप्रिल ही बीपीची गोळी चालू आहे म्हटल्यावर म्हणाले हा त्या गोळीचा खोकला असू शकतो, स्वतःच्या मनाने बंद करू नका पण डॉक्टरांच्या कानावर घाला. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला गेला. तोपर्यंत आम्ही कफ सिरपच्या चार बाटल्या संपवल्या होत्या!

माझी भाची इंग्लंडला असते. तिकडे 31 जानेवारी 2024 पासून सात छोट्या आजारांसाठी थेट फार्मासिस्टकडे जाता येतं, त्यात घसादुखी आहे. तो लक्षणं बघून गुण मोजतो आणि गरज वाटली तरच नियमात बसवून अँटिबायोटिक देतो. ती गेली तर टॉर्च लावून घसा बघितला आणि गुळण्या करा म्हणून परत पाठवली, चिडली होती फोनवर. आपल्याकडे लगेच तसं करा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे आधी फोटोतला माणूस दुकानात दिसू दे.

कायदे काय कमी आहेत का? चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं हे 1948 च्या फार्मसी कायद्यात आहे. पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे असं 2015 च्या नियमांत लिहिलंय. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती बघून चिठ्ठीशिवाय घेऊ नका अशी सरकारने 2016 मध्ये मोहीम पण काढली होती. ती रेघ माझ्या तुकड्यावर होती की कापण्यात गेली कोण जाणे.

आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 मध्ये नोबेलच्या भाषणात हेच सांगून ठेवलंय, ते वाचून मी चाटच पडले. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अर्धवट घेतो, जंतू मरत नाहीत, उलट शिकून तयार होतात, मग तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि बायको जाते. घशाचंच उदाहरण दिलंय बघा त्यांनी!

लोक मेडिकलमध्ये का जातात ते मला कळतं. डॉक्टरची फी, दोन तास नंबर, हातावर पोट असलेल्याची दिवसाची मजुरी बुडते. रविवारी रात्री तर मेडिकलवालाच गावाचा डॉक्टर. म्हणून तर तिथे विचारणारा माणूस पाहिजे. आणि आपण पण "डोस बांधून द्या" म्हणायची सवय सोडायला हवी, मुलगा तरी काय, गिऱ्हाईक मागतं ते देतो.

तुमच्या पुरवणीत काढ्याच्या शेजारी एक छोटी चौकट द्याल का? मेडिकलमध्ये गेल्यावर आपल्या चालू गोळ्या, ॲलर्जी, ताप किती दिवस हे आपण होऊन सांगायचं, पट्टी तारखेसकट मागायची, आणि फार्मासिस्ट कोण ते विचारायचं. शेवटचं मी मागच्या आठवड्यात त्या पहिल्या दुकानात विचारलं. मुलगा म्हणाला, "सर जेवायला गेलेत." सकाळचे साडेदहा वाजले होते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली